नागपूरच्या उन्हात कृष्णधवल रोल

घरातल्या जुन्या कपाटात एखादा पेंटॅक्स, याशिका किंवा झेनिट कॅमेरा सापडला की पहिला प्रश्न पडतो तो हा चालतो का, आणि दुसरा, यात रोल घालून फोटो कसे काढायचे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही, कारण रोलच्या खोक्यावर, रसायनांच्या माहितीपत्रकात आणि छायाचित्रणाच्या कोणत्याही पुस्तकात आकडे छापलेले असतात. अडचण एवढीच आहे की त्यातले बहुतेक आकडे सौम्य उन्हाच्या आणि थंड पाण्याच्या प्रदेशांत ठरले आहेत. रोल धुण्याचे, म्हणजे रसायनांत घालून त्यावर चित्र उमटवण्याचे, प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस मानले जाते, आणि मे महिन्यात नागपुरात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्यात हात धरवत नाही. म्हणून इथे कृष्णधवल छायाचित्रण करणाऱ्याने आकडे पाठ करण्यापेक्षा त्यांच्यामागची कारणे समजून घेणे अधिक गरजेचे आहे. एकदा कारण कळले की आकडा आपल्या हवामानानुसार बदलता येतो.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर दिलेला जिलेटिनचा पातळ थर, आणि त्या थरात विखुरलेले चांदीच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, अतिसूक्ष्म स्फटिक. शटर उघडून प्रकाश आत आला की ज्या स्फटिकांवर तो पुरेसा पडतो त्यांच्यात धातुरूप चांदीचे मोजके अणू तयार होतात. हा बदल इतका सूक्ष्म असतो की तो डोळ्यांना दिसत नाही, आणि त्यालाच सुप्त प्रतिमा म्हणतात. डेव्हलपर हे रसायन नेमके असे स्पर्श झालेले स्फटिक हेरते आणि त्यांचे संपूर्णपणे काळ्या चांदीत रूपांतर करते. ज्यांच्यावर प्रकाश पडलाच नाही ते स्फटिक तसेच राहतात आणि पुढे फिक्सरमध्ये विरघळून निघून जातात. फिक्सरला आपल्याकडे अजूनही हायपो म्हणतात. चांदीचे क्षार हायपोत विरघळतात हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये दाखवले होते आणि १८३९ मध्ये छायाचित्र पक्के करण्यासाठी त्याचा उपयोग सुचवला होता. हायपो हे एक थायोसल्फेट आहे, आणि आजही हे काम थायोसल्फेटच करते.

या प्रक्रियेतून एक गोष्ट स्पष्ट होते, आणि पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. सावलीच्या भागातून फिल्मपर्यंत प्रकाशच पोहोचला नसेल, तर डेव्हलपरला काम करायला तिथे काहीच नसते. रोल कितीही वेळ धुतला तरी ती सावली कोरीच राहते. उजळ भागाचे तसे नसते. तिथे भरपूर स्फटिकांना प्रकाश मिळालेला असतो, आणि डेव्हलपरमध्ये ते जितका जास्त वेळ राहतील तितके निगेटिव्ह तिथे दाट होत जाते. थोडक्यात, सावलीत काय दिसणार हे कॅमेऱ्यात ठरते आणि उजेड किती भडक होणार हे बऱ्याच अंशी टँकमध्ये, म्हणजे रोल धुण्याच्या प्रकाशबंद डब्यात, ठरते. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकी छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास याच तत्त्वावर झोन सिस्टिम ही प्रकाश आणि धुण्याचा वेळ एकत्र ठरवण्याची पद्धत मांडली. ती संपूर्ण शिकण्याची घाई नवशिक्याने करू नये, पण हे तत्त्व मात्र पहिल्याच रोलपासून हाताशी असावे.

कॅमेऱ्यात प्रकाश कमीजास्त करण्याचे मार्ग दोन आहेत. शटर स्पीड म्हणजे प्रकाश किती वेळ आत येणार, आणि ॲपर्चर म्हणजे लेन्समधले छिद्र किती मोठे असणार. ॲपर्चरचे आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे जातात आणि प्रत्येक पुढच्या आकड्याला प्रकाश निम्मा होतो. शटरच्या बाबतीत १/१२५, १/२५०, १/५०० असे एकेक पाऊल पुढे गेले की तेच घडते. या निमपटीला किंवा दुपटीला एक स्टॉप म्हणतात. तिसरी गोष्ट म्हणजे फिल्मची संवेदनक्षमता, अर्थात आयएसओ, आणि ती रोल घालतानाच ठरलेली असते. डिजिटल कॅमेऱ्यासारखी ती मध्येच बदलता येत नाही, म्हणून सकाळी घरातून निघताना दिवस कोणत्या उजेडात जाणार याचा विचार करावा लागतो.

लाइट मीटर नसेल किंवा बंद पडला असेल तर सनी सिक्स्टीन हा जुना नियम उपयोगी पडतो. स्वच्छ उन्हात ॲपर्चर १६ ठेवावे आणि शटर स्पीड आयएसओच्या आकड्याइतका ठेवावा, म्हणजे आयएसओ ४०० च्या रोलला १/५०० आणि आयएसओ १२५ च्या रोलला १/१२५. हा नियम नागपुरात डिसेंबर-जानेवारीत चोख चालतो. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन चेहऱ्यावर तिरपे पडते आणि डोळ्यांपर्यंत पोहोचते. मे महिन्याच्या अखेरीस मात्र तोच सूर्य दुपारी जवळजवळ थेट डोक्यावर येतो. तेव्हा कपाळ आणि नाकाचा शेंडा चकाकतो, डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, आणि नियमाप्रमाणे काढलेल्या फोटोत माणसाला डोळेच नसल्यासारखे दिसते. नियम ऊन मोजतो, आणि आपल्याला मात्र सावलीतला डोळा हवा असतो. अशा वेळी नियमापेक्षा एक स्टॉप, गरज पडल्यास दोन स्टॉप, जास्त प्रकाश द्यावा. कृष्णधवल निगेटिव्ह जास्तीचा प्रकाश बराच सहन करते, पण कमी पडलेला प्रकाश कशानेच भरून निघत नाही.

यासाठी सोपी युक्ती म्हणजे आयएसओ ४०० चा रोल २०० चा आहे असे समजूनच सगळे मोजणे. कडक उन्हात इल्फर्डच्या एचपी ५ प्लसला किंवा कोडॅकच्या ट्राय-एक्सला अशी वागणूक दिली की सावल्यांत तपशील टिकतो. पण जुन्या कॅमेऱ्यांची एक मर्यादा इथे आड येते. झेनिट-ई चा सर्वांत वेगवान शटर स्पीड १/५०० आहे, त्यामुळे ४०० चा रोल २०० मानला तरी भर उन्हात ॲपर्चर ११ पेक्षा जास्त उघडता येत नाही आणि मागची पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय उरत नाही. म्हणून उन्हाळ्यासाठी एफपी ४ प्लससारखा आयएसओ १२५ चा रोल आणि पावसाळ्यासाठी, गल्ल्यांसाठी ४०० चा रोल अशी विभागणी मला योग्य वाटते.

मीटर चालू असला तरी त्याचे ऐकण्याआधी तो काय सांगतो हे समजले पाहिजे. समोर काय आहे हे मीटरला कळत नाही. जे दिसेल ते मध्यम राखाडी आहे असे तो गृहीत धरतो. दीक्षाभूमीच्या पांढऱ्या घुमटाकडे रोखला तर तो प्रकाश कमी करायला सांगतो आणि शुभ्र घुमट मळकट होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणाऱ्या काळ्या मारबतीच्या पुतळ्याकडे रोखला तर उलट घडते. काळा रंग राखाडी करण्याच्या नादात तो प्रकाश वाढवतो आणि मारबतीचे ते काळे, उग्र रूप फिके पडते. काही वेळाने पिवळी मारबत समोर आली की कृष्णधवल फिल्मवर ती बरीच उजळ उमटते, आणि मीटर आता तिलाही खाली ओढून त्याच राखाडीवर आणायला बघतो. उजेड तोच असताना मीटरचे दोन सल्ले दोन दिशांना जातात. त्याऐवजी मिरवणूक येण्याआधी आपला तळहात त्याच उजेडात धरावा, मीटर तळहाताच्या इतका जवळ न्यावा की दुसरे काही दिसणार नाही, आणि जो आकडा येईल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त प्रकाश द्यावा, कारण तळहात मध्यम राखाडीपेक्षा सुमारे एक स्टॉप उजळ असतो. उजेड बदलत नाही तोवर कॅमेरा त्याच आकड्यांवर ठेवावा आणि काळ्या-पिवळ्या दोन्ही मारबती त्यातच टिपाव्यात. काळी काळी येते, पिवळी उजळ येते.

गर्दीत फोकस करायला वेळ मिळत नाही, यावरही जुन्या लेन्सवर उत्तर कोरलेले असते. फोकसच्या कड्याशेजारी दोन्ही बाजूंना ॲपर्चरचे आकडे असतात आणि कोणत्या ॲपर्चरला किती अंतरापासून किती अंतरापर्यंत चित्र स्पष्ट येईल हे ते दाखवतात. ३५ मिलिमीटरची लेन्स ८ या ॲपर्चरवर तीन मीटरला लावून ठेवली तर साधारण दोन ते सात मीटरमधले सगळे स्पष्ट येते. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर हाच पट्टा अडीच ते चार मीटर इतका अरुंद होतो. इतवारीच्या अरुंद रस्त्यावर मारबतीच्या दिवशी ढगाळ उजेडात ४०० चा रोल, ॲपर्चर ८ आणि शटर १/२५० किंवा १/१२५ एवढे आधीच ठरवून ठेवले की पुढे फक्त बघायचे आणि बटण दाबायचे काम उरते.

रंगीत जगाचे राखाडीत रूपांतर होताना दोन वेगळे रंग एकाच छटेत विरघळून जाऊ शकतात. कळमना बाजारातला संत्र्यांचा ढीग पाहा. नुसत्या डोळ्यांना केशरी फळ आणि हिरवे पान अगदी वेगळे दिसते, पण फिल्मवर दोन्ही जवळपासच्या राखाडी छटा होतात आणि ढीग सपाट वाटतो. फिल्टर आपल्या रंगाचा प्रकाश आत सोडतो आणि विरुद्ध रंगाचा अडवतो. लेन्सवर केशरी फिल्टर लावला की संत्री उजळून निघतात आणि पाने गडद होतात. हिरवा फिल्टर लावला तर पाने उजळतात आणि संत्री काळवंडतात. यांपैकी योग्य काय हे छायाचित्रकाराने ठरवायचे असते. मला स्वतःला केशरी फिल्टरची संत्री आवडतात, कारण सालीवरची बारीक छिद्रे पानांच्या काळोखावर उठून दिसतात. फिल्टर प्रकाशही खातो. पिवळ्याला एक, केशरीला दीड ते दोन आणि लालला सुमारे तीन स्टॉप वाढवून द्यावे लागतात. पिवळा किंवा केशरी फिल्टर आकाश गडद करतो हेही खरे आहे, पण आकाश निळे असेल तरच. धुळीने पांढरे झालेले मे महिन्यातले आकाश कोणत्याही फिल्टरने गडद होत नाही. ऑक्टोबरमध्ये पावसाने धुतलेल्या आकाशावर तोच फिल्टर लगेच परिणाम दाखवतो.

जुना कॅमेरा घेताना किंवा कपाटातून बाहेर काढताना मागचे झाकण उघडावे, शटर बी वर, म्हणजे बटण दाबलेले असेपर्यंत उघडे राहील असे, धरून ठेवावे, ॲपर्चर पूर्ण उघडावे आणि लेन्समधून टॉर्चचा झोत सोडावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे. विदर्भातला कोरडा उन्हाळा लेन्सला फारसा त्रास देत नाही, पण पावसाळ्याचे चार महिने बंद चामडी पेटीत ठेवलेला कॅमेरा बुरशीला हमखास बळी पडतो. म्हणून पेटी फेकावी आणि कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक दिसली तर वंगण उष्णतेने पातळ होऊन पसरले आहे असे समजावे. एक सेकंदाचा शटर दाबून ऐकावा. तो अडखळत, रेंगाळत बंद होत असेल तर कॅमेरा दुरुस्तीला न्यावाच लागेल. झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला चिकटत असेल तर तो बदलावा, नाहीतर नागपूरचे ऊन त्या फटीतून थेट फिल्मवर उतरते. पेंटॅक्स के १००० किंवा निकॉन एफएम २ सारख्या कॅमेऱ्यांत बॅटरी फक्त मीटरसाठी लागते, त्यामुळे ती संपली तरी फोटो काढता येतात. के १००० ला मीटर बंद करण्याचे बटणच नाही, म्हणून वापर नसताना लेन्सवर टोपी लावून ठेवावी. काही जुने मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालत असत; ती आता मिळत नाही, आणि १.५ व्होल्टची घातली तर त्यांतले अनेक मीटर चुकीचा आकडा दाखवतात.

रोल घालताना एकच गोष्ट नीट पाहायची असते. फिल्मचे टोक घेणाऱ्या चाकाच्या खाचेत अडकवून झाकण लावल्यावर रिवाइंडची मूठ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून सैलपणा काढावा, आणि मग फिल्म पुढे सरकवताना तीच मूठ उलटी फिरते का ते पाहावे. ती फिरत असेल तर रोल नक्की सरकतो आहे. ती स्थिर असेल तर फिल्मचे टोक सुटले आहे; वरचा आकडा ३६ पर्यंत गेला तरी एकही फोटो उमटणार नाही. शिल्लक रोल फ्रिजमध्ये ठेवावेत, मात्र वापरण्याआधी निदान तासभर डबी न उघडता बाहेर ठेवावी, नाहीतर थंड फिल्मवर दव धरते. उन्हात उभ्या गाडीत रोल किंवा भरलेला कॅमेरा कधीही ठेवू नये.

यानंतर रोल धुणे, आणि नागपुरात खरी कसोटी लागते ती इथेच. उन्हात काढलेल्या रोलला आपण एक स्टॉप जास्त प्रकाश दिला आहे, म्हणजे सावल्या वाचल्या, पण उजेडाचे भाग त्याच प्रमाणात चढले. ते आवरण्यासाठी डेव्हलपरमधला वेळ १५ ते २० टक्के कमी करावा लागतो. दुसरीकडे, तापमान वाढले की डेव्हलपर वेगाने काम करतो, म्हणून गरम पाण्यासाठीही वेळ कमीच करावा लागतो. दोन्ही कारणे एकाच दिशेला ओढतात. एचपी ५ प्लस आयडी-११ या इल्फर्डच्या डेव्हलपरमध्ये पाणी न मिसळता धुतला तर २० अंशांना साडेसात मिनिटे लागतात. २४ अंशांना तीच वेळ पाच मिनिटांच्या आसपास येते, आणि त्यातून २० टक्के वजा केले की चारच मिनिटे उरतात. पाच मिनिटांच्या खाली गेले की टँकमध्ये रसायन ओतायला आणि काढायला लागणारा वेळही महत्त्वाचा ठरतो, फिल्मवर पट्टे आणि डाग उमटतात, आकाशासारखे सपाट भाग तर हमखास बिघडतात.

यावरचा उपाय म्हणजे डेव्हलपर पातळ करणे. तोच आयडी-११ एकास एक पाणी घालून वापरला तर २० अंशांना १३ मिनिटे लागतात आणि एकास तीन घातले तर २० मिनिटे. एकास तीनच्या मिश्रणात २४ अंशांना सुमारे १४ मिनिटे होतात, त्यातून उन्हासाठी २० टक्के वजा केले तरी ११ मिनिटे हातात राहतात, आणि एवढ्या वेळात निगेटिव्ह समान धुतले जाते. पातळ डेव्हलपर उजळ भागांत लवकर थकतो आणि सावल्यांत काम करत राहतो, म्हणून तो उन्हाची भडकताही काहीशी आवरतो. कोडॅकचा डी-७६ याच प्रकारचा डेव्हलपर आहे आणि त्यालाही हाच विचार लागू पडतो. हे मिश्रण एकदा वापरून टाकून द्यायचे असते.

तरीही पाणी २४ अंशांपर्यंत तरी आणावेच लागते. उन्हाळ्यात माठातले पाणी यासाठी फार उपयोगी पडते, कारण कोरड्या हवेत बाष्पीभवनाने ते बरेच थंड होते. ते गाळून घ्यावे आणि थर्मामीटरने मोजावे. पावसाळ्यात हवा दमट असते, माठ तितका थंड होत नाही, तेव्हा फ्रिजचे पाणी मिसळावे. रसायनात बर्फ टाकू नये, त्याने प्रमाण बिघडते. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाटल्या ठेवलेल्या घमेल्यात सोडावा. मुख्य म्हणजे डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचे पाणी यांच्या तापमानात मोठा फरक नसावा. २४ अंशांच्या फिक्सरमधून निघालेली फिल्म थेट नळाच्या ३८ अंशांच्या पाण्याखाली धरली तर मऊ झालेल्या जिलेटिनवर सुरकुत्यांचे जाळे पडू शकते. हल्लीचे थर पूर्वीपेक्षा टणक असतात, पण म्हणून परीक्षा पाहू नये.

अंधाऱ्या चेंजिंग बॅगेत रोल रिळावर चढवण्याचे काम मे महिन्यात पहाटेच करावे. दुपारी हातांच्या घामाने बॅगेतली हवा काही मिनिटांतच दमट होते, प्लास्टिकचे रीळ ओलसर होते आणि फिल्म अर्ध्या वाटेत अडकून बसते. तसे झाले तर जोर लावू नये. फिल्म आणि रीळ टँकमध्ये ठेवून झाकण बंद करावे, हात बाहेर काढून कोरडे करावेत आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरुवात करावी.

फिक्सर पुरेसा ताजा आहे का हे कळायला सोपी चाचणी आहे. रोल कापताना उरलेला टोकाचा तुकडा उजेडातच फिक्सरमध्ये टाकावा आणि तो किती वेळात पारदर्शक होतो ते घड्याळावर पाहावे. त्याच्या दुप्पट वेळ रोल फिक्सरमध्ये ठेवावा. नंतर नळ सोडून ठेवण्याचीही गरज नसते, आणि पाणी जपून वापराव्या लागणाऱ्या उन्हाळ्यात हे महत्त्वाचे आहे. टँक पाण्याने भरून पाच वेळा उलटसुलट करावा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा; एवढ्याने फिल्म स्वच्छ होते. वापरलेल्या फिक्सरमध्ये विरघळलेली चांदी असते, म्हणून तो झाडांच्या मुळाशी किंवा विहिरीजवळ ओतू नये.

वाळवण्यासाठी कूलरसमोरची जागा सर्वांत वाईट, कारण कूलरची हवा बाहेरची सगळी धूळ ओल्या जिलेटिनवर आणून बसवते. न्हाणीघरात आधी भिंतींवर आणि जमिनीवर पाणी मारून धूळ बसू द्यावी, दार लावावे आणि फिल्म खाली चिमटा अडकवून टांगावी. वाळल्यावर सहा-सहा चित्रांच्या पट्ट्या करून पाकिटात घालताना पाकिटावर रोलचे नाव, कोणत्या आयएसओने मोजला, मिश्रण किती पातळ होते, तापमान आणि मिनिटे हे सगळे लिहावे. हे आकडे एका ऋतूपुरतेच खरे असतात. डिसेंबरच्या पहाटे नळाचे पाणी २० अंशांच्याही खाली गेलेले असते, तेव्हा घमेल्यात बर्फाऐवजी कोमट पाणी लागते, ऊन तिरपे आणि सौम्य असल्याने वेळेतली २० टक्क्यांची कपातही करावी लागत नाही, आणि इल्फर्डच्या तक्त्यातली एकास एक मिश्रणाची १३ मिनिटे तशीच्या तशी वापरता येतात.